खणातला कागद

लॉस एंजेलिस पोलिसांच्या दरोडा आणि खून विभागातल्या एका डिटेक्टिव्हच्या टेबलाच्या खणात काही कागद पडून होते. तुरुंगातल्या एका खबऱ्याचा जबाब होता तो. विषय एका खुनाचा, आणि संशयाचं बोट त्याच पोलीस दलात काम केलेल्या माणसांकडे. ज्याचा खून झाला त्याच्या आईने शहराविरुद्ध दावा लावला होता, दावा उभा राहिला होता, पोलिसांनी आपल्याकडचे कागद समोर ठेवणं बंधनकारक होतं. हे कागद मात्र खणातच राहिले. २००५ साली बाहेरून आलेल्या एका खबरीमुळे ते उजेडात आले. नजरचुकीने राहून गेले, असं त्या डिटेक्टिव्हचं म्हणणं. न्यायाधीश फ्लोरेन्स-मेरी कूपर यांना ते पटलं नाही. ही दडवादडवी जाणूनबुजून झाली असं ठरवून त्यांनी चालू सुनावणी रद्द केली, आणि २००६ च्या जानेवारीत त्या कुटुंबाच्या वकिलांच्या खर्चापोटी शहराला सुमारे ११ लाख डॉलर भरायला लावले.

ज्याचा खून झाला तो क्रिस्टोफर वॉलेस. जग त्याला द नोटोरियस बी.आय.जी. म्हणून ओळखतं, चाहते नुसतं बिगी म्हणतात. ब्रुकलिनचा रॅपर, वय २४. ९ मार्च १९९७ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, लॉस एंजेलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियममधल्या पार्टीतून तो निघाला. गाडी सिग्नलला थांबली, शेजारी गडद रंगाची इम्पाला येऊन उभी राहिली आणि तिच्यातून गोळ्या सुटल्या. त्याच्या सहाच महिने आधी लास व्हेगासमध्ये जवळजवळ अशाच तऱ्हेने दुसरा रॅपर टुपाक शकुर मारला गेला होता. त्याचं वय २५. दोघं आधी जिवाभावाचे दोस्त होते आणि मग हाडवैरी झाले. टुपाकच्या प्रकरणात पहिली अटक व्हायला २७ वर्षं लागली. बिगीच्या खुनात आजवर एकाही माणसावर आरोप ठेवला गेलेला नाही.

या दोन खुनांवर ब्रिटिश दिग्दर्शक निक ब्रूमफील्डने २००२ साली 'बिगी अँड टुपाक' नावाची डॉक्युमेंटरी केली. परवा ती मी पुन्हा पाहिली, या वेळी भाच्याबरोबर. हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या टी-शर्टवर टुपाकचा चेहरा असतो, कपाळावर पुढे गाठ मारलेला रुमाल बांधलेला. पडद्यावरची नावं संपली तसा तो उडालाच, "मावशी, कसला बाप थ्रिलर आहे!" मी त्या वेळी काही बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता, त्याला जे दाखवलं गेलं तेच तो म्हणाला. पण 'थ्रिलर' हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला.

या खुनांना 'गूढ' म्हणणं बंद करा, असं माझं म्हणणं आहे. गूढ म्हणजे जे कुणालाच माहीत नाही ते. इथे पुष्कळ जणांना पुष्कळ माहीत होतं. ते कागदावर नोंदलेलं होतं, टेपवर होतं, पुढे पुस्तकात छापून आलं. एवढं असून ते कोर्टापर्यंत पोहोचलं नाही, कारण पोहोचवणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही. 'न उलगडलेलं कोडं' असं म्हटलं की ही सगळी माणसं सुटतात. कोड्याला जबाबदार कुणीच नसतं. आणि डॉक्युमेंटरीवाले, वर्तमानपत्रं, आता यूट्यूबवाले, सगळे मिळून हे कोडं जिवंत ठेवतात, कारण कोडं विकलं जातं.

टुपाकच्या बाबतीत काय झालं ते जरा सावकाश पाहू. ७ सप्टेंबर १९९६, शनिवार. लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात माइक टायसन आणि ब्रूस सेल्डन यांची बॉक्सिंगची लढत होती. दोन मिनिटांच्या आत टायसनने ती संपवली. टुपाक आणि त्याच्या डेथ रो या रेकॉर्ड कंपनीचा मालक शूग नाइट आपल्या लोकांसह बाहेर पडत असताना हॉटेलच्या लॉबीत त्यांना ऑर्लँडो अँडरसन नावाचा तरुण दिसला. हा लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या विरोधी टोळीतला. काही आठवड्यांपूर्वी एका मॉलमध्ये डेथ रोच्या एका माणसाच्या गळ्यातलं पदक हिसकावल्याचा राग त्याच्यावर होता. टुपाक धावून गेला आणि सगळ्यांनी मिळून अँडरसनला लॉबीतच तुडवलं. हे हॉटेलच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. अँडरसनने तक्रार द्यायला नकार दिला आणि तो निघून गेला. मग अडीच-तीन तासांत, रात्री सव्वाअकराच्या सुमाराला, फ्लेमिंगो रोड आणि कोव्हल लेनच्या चौकात टुपाकच्या बीएमडब्ल्यूशेजारी पांढरी कॅडिलॅक येऊन थांबली. गाडी शूग नाइट चालवत होता, टुपाक शेजारी बसला होता. त्याला चार गोळ्या लागल्या. सहा दिवसांनी, १३ सप्टेंबरला, तो गेला.

हा चौक काही आडरानात नाही. व्हेगासच्या झगमगत्या मुख्य रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, शनिवारची रात्र, फुटपाथ माणसांनी भरलेले, टुपाकच्या मागे त्याच्याच लोकांच्या गाड्यांची रांग. सायकलवरचे दोन पोलीस जवळच होते, त्यांनी गोळ्यांचा आवाज ऐकला. पण नाइटने गाडी गर्रकन वळवून पळवली, पोलीस तिच्यामागे गेले आणि कॅडिलॅक निघून गेली. मागच्या गाडीत टुपाकचा १९ वर्षांचा साथीदार याफू फुला होता. मारेकऱ्याला कदाचित ओळखू शकेन, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. त्याला फोटो दाखवून ओळख पटवण्याचं काम होईपर्यंत नोव्हेंबर उजाडला, आणि न्यू जर्सीत तोही गोळीला बळी पडला. त्या खुनाचा या खुनाशी संबंध सिद्ध झालेला नाही. पण साक्षीदार गेला तो गेलाच.

लॉबीतल्या मारहाणीचा सूड, हा तर्क करायला शेरलॉक होम्सची गरज नव्हती. कॉम्प्टनच्या पोलिसांनी काही आठवड्यांतच कोर्टापुढच्या प्रतिज्ञापत्रात अँडरसनचं नाव संशयित म्हणून घेतलं होतं. त्याने आरोप नाकारला, त्याच्यावर कधीही खटला झाला नाही, आणि मे १९९८ मध्ये कॉम्प्टनमध्येच एका गोळीबारात तोही मेला. म्हणजे ज्याला पहिल्या आठवड्यात कसून प्रश्न विचारायचे त्याला पावणेदोन वर्षं कुणी नीट हात लावला नाही, आणि त्यानंतर प्रश्न विचारायला माणूसच उरला नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात पोलिसांच्या बोलीत 'ए समरी' म्हणतात. गुन्हा खरा आहे, पण आरोपी सापडत नाही, सबब फाइल बंद. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याने कधी त्या दोन शब्दांचा कागद हातात घेतला असेल तर त्याला ठाऊक असतं की 'सापडत नाही' या शब्दांत किती गोष्टी मावतात. कधी खरोखरच सापडत नाही. कधी शोधायला कुणी जात नाही. आणि कधी सापडलेला असतो, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट कुणातरी आपल्या माणसाच्या दारावरून जात असते. लॉस एंजेलिसच्या त्या खणात मला ही तिसरी शक्यता दिसते, आणि म्हणूनच मी गूढ या शब्दावर एवढी चिडते.

ब्रूमफील्डचं श्रेय मी नाकारत नाही. डोक्याला हेडफोन, हातात माइकची काठी घेऊन हा माणूस दारोदार जातो, हाकलला जातो, पुन्हा जातो. सगळी वर्तमानपत्रं दोन रॅपरांच्या भांडणाकडे बघत होती तेव्हा त्याने कॅमेरा पोलिसांकडे वळवला. त्याच्या चित्रपटाचा कणा म्हणजे रसेल पूल, लॉस एंजेलिस पोलीस दलातून बाहेर पडलेला डिटेक्टिव्ह. पूलचं म्हणणं असं, की काही पोलीस ड्युटी संपल्यावर डेथ रोच्या पगारावर काम करत होते, बिगीच्या खुनात त्यांच्यापैकी कुणाचा तरी हात असावा, आणि तो माग काढायला लागल्यावर वरून त्याला थांबवलं गेलं. त्याचा संशय ज्या पोलिसावर होता तो पुढे सव्वासात लाख डॉलरच्या बँक दरोड्यात दोषी ठरला, पण खुनाचा आरोप त्याच्यावर कधी ठेवला गेला नाही. पूल २०१५ साली गेला. हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तो शेरीफच्या कार्यालयात बसून याच प्रकरणाबद्दल बोलत होता. नोकरी सोडून सोळा वर्षं झाली होती. त्याचा निष्कर्ष चूक असेलही, पण एका अनोळखी आईच्या पोरासाठी इतकी वर्षं असा झुरणारा पोलीस मला आदराचा वाटतो.

चित्रपटात सर्वांत ठाम उभी राहते ती बिगीची आई, व्होलेटा वॉलेस. जमैकातून न्यूयॉर्कला आलेली, लहान मुलांच्या शाळेत शिकवणारी बाई. पोराला एकटीने वाढवलेलं. तिचं बोलणं शिक्षिकेसारखंच आहे, सरळ आणि न घाबरता केलेलं. बिगीचे मित्र तोंड उघडायला तयार नसतात, आणि तिच्या शब्दाखातर दारं उघडतात. रडारड नाही, सूड नाही. माझ्या मुलाला कुणी मारलं ते मला सांगा, एवढीच मागणी.

पण हीच फिल्म शेवटी कुठे जाते? कॅलिफोर्नियाच्या तुरुंगाच्या आवारात, शूग नाइटला भेटायला. सगळा ताण त्या भेटीसाठी चढवलेला आहे. तो बोलेल का, आत गेलो तर काय होईल, कॅमेरा थरथरतोय. नाइट येतो, सिगार ओढतो, खुनांबद्दल बोलायचं नाही असं आधीच ठरवून घेतो आणि जगातल्या मुलांसाठी 'संदेश' देतो. माझा भाचा इथेच खुर्चीच्या टोकावर आला होता. दीड तास आपण एका आईचा प्रश्न घेऊन हिंडलो, आणि उत्कर्षबिंदू कुठला, तर एका दांडग्या माणसाची एंट्री. ब्रूमफील्डला हे कळत नसेल असं मी म्हणत नाही. पण फिल्मला शेवट लागतो, आणि प्रकरणाला शेवट नसेल तर तो रंगवून काढावा लागतो. तिथेच माझी तक्रार सुरू होते.

टुपाकच्या खुनाबद्दल फिल्मने सुचवलेलं उत्तरही असंच आहे. कंपनी सोडून जायच्या बेतात होता म्हणून नाइटनेच आपल्या शेजारच्या सीटवरच्या टुपाकवर गोळ्या घालायला लावल्या, अशी ती गोष्ट. स्वतः त्याच गाडीत, गोळ्यांच्या तोंडी बसून! लॉबीतल्या मारहाणीचा सरळ, गावठी, सुडाचा धागा समोर असताना ही चक्रावणारी गोष्ट जास्त चालली, कारण तिच्यात नाट्य आहे. साधं उत्तर लोकांना कंटाळवाणं वाटतं. कंटाळवाण्या उत्तरापाशी थांबून पोलिसांना 'मग पुढे काय केलंत' असं विचारणं हे पत्रकाराचं खरं काम होतं.

वर्तमानपत्रांनी तर याहून वाईट केलं. २००२ च्या सप्टेंबरात लॉस एंजेलिस टाइम्सने मोठा वृत्तान्त छापला. मारेकरी अँडरसन, हे त्यात होतंच, पण त्याबरोबर असंही होतं की बिगी त्या रात्री व्हेगासमध्ये होता आणि टुपाकला मारण्यासाठी त्याने दहा लाख डॉलर देऊ केले होते. पाच वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर हा आरोप. बिगी त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्डिंग करत होता, असे कागद त्याच्या कुटुंबाने पुढे केले. पोराच्या खुनाचा तपास मागणाऱ्या आईला आता पोरगा खुनी नव्हता हे सिद्ध करत बसावं लागलं. त्याच वर्तमानपत्राला १९९४ साली टुपाकवर न्यूयॉर्कच्या क्वॉड स्टुडिओत झालेल्या हल्ल्याविषयीची आणखी एक बातमी २००८ मध्ये मागे घ्यावी लागली. बनावट एफबीआय कागदांवर ती उभी होती.

मुळात हे 'वैर' किती मोठं होतं? १९९३-९४ मध्ये बिगी लॉस एंजेलिसला आला की टुपाककडे मुक्काम असायचा. क्वॉड स्टुडिओत टुपाकला पाच गोळ्या लागल्या, तो वाचला, आणि यामागे बिगीच्या गोटातली माणसं आहेत अशी त्याची खात्री झाली. त्याचं पुराव्याने कधी काही ठरलं नाही. पण मासिकांना दोन किनारे मिळाले, पूर्व आणि पश्चिम. मुखपृष्ठं निघाली, दोघांच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या कॅसेटी आणि सीड्या धडाधड खपल्या. दोन विशी-पंचविशीतली पोरं आणि त्यांच्या तोंडी घातलेली दोन शहरांची लढाई. दोघं गेल्यावर सगळे म्हणाले, हे होणारच होतं. असं एकदा म्हटलं की तपासाची निकड संपते. रॅपर रॅपरला मारणार, टोळीवाला टोळीवाल्याला मारणार, त्यात पोलिसांनी काय करायचं?

हा 'त्यात काय' फार जुना आहे आणि फक्त या दोघांपुरता नाही. २०२१-२२ च्या सुमाराला अमेरिकेत जेमतेम निम्म्या खुनांचा छडा लागत होता, आणि मेलेला काळा तरुण असला की ते प्रमाण आणखी घसरायचं. गंमत नव्हे, संतापाची गोष्ट अशी, की हेच पोलीस आणि सरकारी वकील रॅपरला आरोपी करायचं असतं तेव्हा त्याच्या गाण्याची एकेक ओळ पुरावा म्हणून कोर्टात वाचून दाखवतात. हा प्रकार इतका वाढला की २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाला त्यावर बंधन घालणारा कायदा करावा लागला. गाणाऱ्याला गजाआड घालायला त्याच्या कवितेतला शब्द पुरतो. त्याचा खून झाला की मात्र भर चौकातले साक्षीदारही अपुरे पडतात.

आता माझ्याविरुद्धचा मुद्दा, आणि तो पक्का आहे. टुपाक प्रकरणातली एकमेव अटक झाली ती कॅमेऱ्यामुळेच, असं कुणीही म्हणेल. अँडरसनचा मामा ड्वेन डेव्हिस, टोपणनाव केफी डी, त्या कॅडिलॅकमध्ये पुढच्या सीटवर आपण होतो असं २०१८ मध्ये टीव्हीवरच्या एका डॉक्युमेंटरी मालिकेत सांगून बसला. २०१९ मध्ये त्याच्या आठवणींचं पुस्तक निघालं. लास व्हेगास पोलिसांनी नंतर उघड म्हटलं की त्याच्या या जाहीर बोलण्यातून तपासाला पुन्हा धग मिळाली. जुलै २०२३ मध्ये झडती झाली आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी त्याला अटक झाली. म्हणजे डॉक्युमेंटरीने काम केलं की!

केलं, मान्य. पण तारखा नीट लावून बघा. हाच डेव्हिस हीच हकीकत २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीस पथकाला सांगून मोकळा झाला होता. ड्रग्जच्या प्रकरणात अडकला होता, 'तुझे शब्द तुझ्याविरुद्ध वापरणार नाही' अशा अटीवर बोलला, आणि ते टेप झालं. ती अट होती म्हणून तो जबाब थेट वापरता येत नव्हता, हे कायद्याने बरोबर आहे. पण कायद्याने त्या जबाबाच्या आधारे नवा पुरावा शोधायलाही बंदी केली होती का? कॅडिलॅकमध्ये आणखी कोण होतं, गाडी कुठून आली, बंदूक कुणी दिली, यातल्या माणसांपर्यंत तेव्हा जाता आलं असतं. त्या पथकाचा प्रमुख डिटेक्टिव्ह ग्रेग केडिंग याने २०११ मध्ये पुस्तक लिहून हे सगळं चव्हाट्यावर मांडलं. तेव्हाही काही हललं नाही. जी गोष्ट दुकानात विकत मिळत होती ती 'उलगडलेली नाही' असं आपल्याला आणखी बारा वर्षं सांगितलं जात होतं.

आणि कॅमेऱ्याने जे दिलं त्याचा दुसरा हातही बघा. डेव्हिसने कोर्टात गुन्हा नाकबूल केलेला आहे, दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोषच आहे. त्याच्या वकिलांचा बचाव काय, तर तो ते सगळं पैशासाठी आणि प्रसिद्धीसाठी बोलला, मनोरंजन म्हणून. हा बचाव टिकेल की नाही ते कोर्ट ठरवेल, पण तो करता येतो हेच मला भयंकर वाटतं. पोलिसांसमोर दिलेला जबाब आणि मानधन घेऊन दिलेली मुलाखत यांत फरक असतो. कबुली बाजारात गेली की तिच्यावर किंमत चिकटते, आणि ज्याच्यावर किंमत चिकटली त्याच्या खरेपणावर कुणीही शंका घेऊ शकतं. वेळच्या वेळी पोलिसांनी काम केलं असतं तर आज सरकारी वकिलांना टीव्हीवरच्या गप्पा पुरावा म्हणून हातात घ्याव्या लागल्या नसत्या. खटल्याची तारीख पडते आणि पुढे जाते, पुन्हा पडते आणि पुन्हा पुढे जाते.

या सगळ्यात दोन आया होत्या. टुपाकची आई अफेनी शकुर, ब्लॅक पँथर चळवळीतली. टुपाक पोटात असताना ती न्यूयॉर्कच्या तुरुंगात होती, स्वतःची बाजू स्वतः कोर्टात मांडून मे १९७१ मध्ये निर्दोष सुटली, आणि पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. पोलीस आणि कोर्ट काय चीज आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मे २०१६ मध्ये ती गेली, अटकेच्या सात वर्षं आधी. व्होलेटाने ती अटक पाहिली, पण दुसऱ्या आईच्या मुलासाठीची. तिच्या दाव्याचं पुढे काहीच झालं नाही, २०१० मध्ये तो निकालाविनाच संपला. केडिंगच्या मते बिगीचा मारेकरी पोलीस नव्हता, भाड्याचा गुंड होता आणि तो २००३ मध्येच मेला. पूलचं म्हणणं वेगळं, केडिंगचं वेगळं. नाइटने दोन्ही खुनांतला हात नाकारलेला आहे. यांतलं खरं काय ते ठरवायची एकच जागा होती, कोर्ट, आणि तिथे याचा निकाल कधी लागलाच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्होलेटा वॉलेस गेल्या. मुलगा जाऊन २८ वर्षं होत आली होती.

हे सगळं लांबचं आहे असं वाटत असेल तर पंजाबातल्या मानसा जिल्ह्याकडे बघा. पंजाबी रॅपर सिद्धू मूसेवालाला २९ मे २०२२ रोजी त्याच्या गाडीत गोळ्या घातल्या, वय २८. टुपाक हा त्याचा देव होता. खुनाच्या दोन आठवडे आधी आलेल्या त्याच्या गाण्याच्या पोस्टरवर टुपाकच्या गोळ्यांनी चाळण झालेल्या गाडीचा फोटो होता. तपासाचे धागे आपल्या पुणे जिल्ह्यापर्यंत आले होते. जून २०२५ मध्ये, नेमक्या त्याच्या जन्मदिवशी, बीबीसीची डॉक्युमेंटरी आली. जुहूला तिचा खेळ ठरला होता, वडील बलकौर सिंग यांनी महाराष्ट्र पोलिसांकडे आणि मानसाच्या कोर्टात धाव घेतली, आणि फिल्म यूट्यूबवर प्रसिद्ध झाली. तिच्यात परदेशात बसलेला गुंड खून का केला ते आपल्या आवाजात सांगतो. अशी फिल्म बंद पाडावी असं मी म्हणणार नाही. पत्रकाराने गुन्हेगाराशी बोलायलाच नको हेही मला मान्य नाही. पण खटला चालू असताना, मारलेल्याच्या वाढदिवशी, घरच्यांचा विरोध असताना मारणाऱ्याच्या तोंडचं ऐकवायचं, यात कुणाची सोय बघितली गेली? बलकौर सिंग यांच्या जागी आपल्यापैकी कुणाचा बाप असता तर आपण त्याला 'अभिव्यक्तीचा शत्रू' म्हटलं असतं का?

मला डॉक्युमेंटरी नको आहेत असं नाही. मला वेगळी हवी आहे. तिच्यात शूग नाइटचा सिगार नसला तरी चालेल. त्या खणापासून ती सुरू व्हावी. कागद खणात कोणत्या तारखेला गेले, त्या विभागात तेव्हा वर कोण होतं, त्यांच्यापैकी कुणाला बढती मिळाली, कोण पूर्ण पेन्शन घेऊन घरी बसलं. ११ लाख डॉलर शहराने भरले म्हणजे करदात्यांनी भरले, दडवणाऱ्याच्या खिशातून काय गेलं? २००८ ची टेप व्हेगासला कधी पोहोचली आणि तिथे कुणी ऐकली? या प्रश्नांची उत्तरं जिवंत माणसांकडे आहेत, सरकारी कपाटांत आहेत, आणि विचारायला जाताना अंगावर काटा येत नाही. म्हणूनच बहुधा कुणी जात नाही.

भाच्याशी मी नंतर बोलले. तासभर वाद झाला, तो म्हणाला, "मावशी, तू मजाच घालवलीस." मी त्याला खणाची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प राहिला, मग त्याने मोबाइल काढला आणि विचारलं, तो २००५ चा निकाल वाचायला कुठे मिळेल.